त्या थंडीतला उलटा माउस

"ताई कसली खेळतेय? त्या थंडीत तिच्या हातात चहाचा कप टिकत नव्हता. दाजीच बसायचे माउस धरून, आणि तिकडे अवीला वाटायचं, आई खेळतेय!"

हे उद्गार माझे मेहुणे दिनकरराव यांचे. त्यांची हयात मनमाडला रेल्वेत गार्ड म्हणून गेली, त्यामुळे आपण हिरवा दिवा दाखवला की गोष्ट पुढे निघालीच पाहिजे, असा त्यांचा समज आहे. गेल्या महिन्यात नांदगावला एका लग्नाच्या पंगतीत, जिलबीचं ताट फिरत असताना, त्यांनी हे जाहीर केलं. मी दोन पानं सोडून बसलो होतो. त्यांच्या सुरात निंदा नव्हती, कौतुक होतं. आजारी बायकोच्या नावाने संगणकावर कॅरम खेळून परदेशातल्या मुलाचं मन राखणारा नवरा, असं माझं चित्र ते रंगवत होते आणि ऐकणाऱ्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मी पानावरून उठलो.

चार दिवसांत ही कथा अमेरिकेत पोहोचली. रविवारी सकाळी माझ्या मुलाचा, अविनाशचा, फोन आला.

"नाना, दिनूमामा म्हणतो ते खरं आहे का?"

"खोटं आहे."

"मग त्यानं पाहिलं ते काय होतं?"

त्यावर मी दिनकररावांविषयी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. फोन मीच आपटला. म्हणून आता लिहितो आहे. लिहिताना मला मध्येच कोणी तोडू शकत नाही.

वाद केवळ माझ्या नावाचा असता तर मी तो सोडून दिला असता, असं म्हणणार होतो. पण तेही खरं नाही, मी सोडला नसताच. मात्र इतका पेटलो नसतो. त्या थंडीत अविनाशला त्याची आई रोज सकाळी अर्धा तास भेटत होती. दिनकररावांचं म्हणणं खरं मानलं तर ती भेटतच नव्हती, पडद्यापलीकडे मी बसलो होतो. आई एकदा गेली, ते त्याने सोसलं. आता चार वर्षांनी, जिलबीच्या पंगतीत, ती त्याच्याकडून पुन्हा काढून घेतली जाते आहे.

नाशकात यंदा थंडी उशिरा उतरली, पण उतरली ती नेहमीच्या धारेने. सकाळी फिरायला निघालो की द्वारकेच्या चौकात कानटोप्या घातलेली माणसं चहाच्या पेल्यांभोवती हात धरून उभी दिसतात. द्राक्षांचे क्रेट लादलेले टेम्पो धुक्यातून एकामागून एक बाहेर येतात. पहिली द्राक्षं अजून आंबट आहेत. कुमुद, माझी पत्नी, ती मुद्दाम आंबट असतानाच आणायला लावायची आणि एक डोळा मिटून खायची. माझी बोटं गार पडली की मी ती खिशात घालतो, आणि खिशात ती एकमेकांवर चोळताना मला दोन हजार पाच सालची ती थंडी आठवते. तीत मला बोटांखेरीज दुसरा विषय नव्हता.

बोटं हीच आम्हा दोघांची मिळकत होती. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं जिथे बनतात व तपासली जातात त्या विभागात, बत्तीस वर्षं काढली. कुमुद अंबडला विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात वाइंडिंगवर होती. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे ती न बघता मोजायची. शेजारणीशी बोलता बोलता मध्येच "एकशे चाळीस" म्हणून थांबायची, आणि ते एकशे चाळीसच असत. असल्या हाताला कॅरमचा नेम शिकवावा लागत नाही. नव्वदच्या सुमारास, पहिली पाळी संपवून ती तीन साडेतीनला घरी आली की दहा वर्षांचा अविनाश पलंगाखालून बोर्ड ओढून तयारच असायचा. बोरिक पावडरीने दोघांचे हात मनगटापर्यंत पांढरे व्हायचे. संध्याकाळी मी घरी आलो की दाराच्या कडीवर, पाण्याच्या पेल्यावर, तिच्या कपाळावरच्या बटेवर तीच पांढरी बोटं उमटलेली दिसायची. त्या पावडरीचा वास थंड आणि किंचित औषधी असतो. मला तो आजही सहन होत नाही.

अविनाश अमेरिकेला गेला, नोकरीला लागला, आणि दोन हजार चारच्या सुट्टीत येऊन त्याने आमच्या बैठकीत संगणक मांडला. खेळांची एक साइट त्याने आईला दाखवली. तिच्यात पडद्यावर कॅरमचा बोर्ड यायचा, समोर जगातला कोणीही बसायचा. आमच्या सकाळी साडेसातला त्याची तिकडची संध्याकाळ. रोज एक डाव, फार तर दोन. तो नसला की ती अनोळखी माणसांशीही खेळायची आणि मला बातम्या द्यायची. "हा लखनौचा आहे. फार घाई करतो. घरी कोणी ओरडत असेल त्याला."

पडद्यावरच्या खेळात स्ट्रायकर मारायची रीत अशी : माउसचा बाण स्ट्रायकरवर ठेवायचा, बटण दाबून धरायचं, मागे ओढायचं, नेमाची रेघ जुळली की बटण सोडायचं. सारा खेळ त्या सोडण्यात आहे. त्या क्षणी बाण केसभर सरकला की सोंगटी हातची गेली. दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर कुमुदचा बाण सरकू लागला. प्रथम ती माउसला नावं ठेवू लागली, आणि मीही तिच्या सुरात सूर मिसळला. मग एका सकाळी भाकरी थापताना तिच्या हातून परात निसटली.

डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि उपाय कोणताच सांगितला नाही. आधी हात जातील, मग बोलणं जाईल, असं ते म्हणाले. रिक्षात बसल्याबसल्या ती म्हणाली, "अवीला सांगायचं नाही. त्याचे तिथे राहण्याचे कागद अडकलेत. आत्ता निघून आला तर परत जाता यायचं नाही."

"आणि तुझा हात?"

"खेळ बंद करायचा नाही. एक दिवस खाडा केला तरी तो फोन करतो. आवाजावरून ओळखेल."

तेव्हा आता प्रश्न एवढाच उरला होता, की थरथरणाऱ्या हाताला अचूक नेम देणारा माउस कोणता? वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी गेमिंगचा माउस निवडायला निघालो.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात मी काउंटरवर एकामागून एक सात माउस उघडून घेतले. दुकानदार माणूस सज्जन होता, पण विक्रेता होता.

"काका, गेमिंगला हा घ्या. पाच बटणं आहेत. काय खेळतो मुलगा? गोळीबार?"

"मुलगा नाही, बायको. आणि कॅरम."

"कॅरमला गेमिंग माउस?" तो हसला. "काका, कॅरमला कुठलाही चालतो."

"कुठलाही चालतो म्हणणाऱ्या माणसाने हत्यारं विकू नयेत," मी म्हणालो.

मग मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. बटण दाबताना माउसचं अंग हलतं का? बटणाला मोकळी हालचाल किती आहे? वायर वळली की माउसला बाजूला ओढते का? काचेच्या काउंटरवर लाल उजेडाचा ऑप्टिकल माउस ठेवला तर बाण वेडावाकडा उड्या मारू लागला. खाली वर्तमानपत्र घातलं तेव्हा शांत झाला. या परीक्षा मला कोणी शिकवल्या नव्हत्या, आणि त्या चूक होत्या असं आजही मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

चूक दुसरीच झाली, आणि ती माझ्यासारख्यालाच होऊ शकते. टूलरूममध्ये यंत्र थरथरू लागलं की त्याच्या पायात वजन घालतात. जड बैठक थरथर गिळून टाकते, हे मी बत्तीस वर्षं पाहिलेलं होतं. मी नवा माउस उघडला, त्याच्या पोटात शिशाची पट्टी बसवली आणि पुन्हा बंद केला. हातात धरल्यावर तो पाट्यावरच्या वरवंट्यासारखा लागायचा. मला फार समाधान वाटलं. कुमुद तीन दिवस त्यावर खेळली आणि तीनही दिवस हरली. चौथ्या सकाळी बांगड्या सरकवताना तिचं मनगट सुजलेलं दिसलं.

"दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौशीनं केलं होतं."

ज्या हाताची शक्ती रोज कणाकणाने कमी होत होती, त्या हाताला मी तीन दिवस शिसं ओढायला लावलं. दिनकररावांनी हा आरोप माझ्यावर करावा. मी एका शब्दाने त्यांना उत्तर देणार नाही.

शिसं काढलं, तरी ऑप्टिकल माउसचं जमेना. तो फार प्रामाणिक. तिच्या बोटाची प्रत्येक थरथर तो पडद्यावर जशीच्या तशी मांडत होता. त्याच दुकानदाराच्या काउंटरखाली टाकाऊ माउसांनी भरलेलं खोकं होतं, पोटात रबरी गोळा असलेले जुने माउस. मी त्यातला एक मागितला.

"काका, ते भंगारात चाललेत. सगळे उजेडाचे घेतात आता."

"सगळ्यांचे हात धड असतात."

गोळ्याचा माउस सुस्त असतो, बारीक थरथर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याने थोडा फरक पडला; पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत माउस जागचा सरकवण्याइतकंही बळ तिच्या मनगटात उरलं नाही. एका सकाळी मी गोळ्यावरचा मळ काढण्यासाठी माउस उताणा करून तिच्याजवळ बसलो होतो. गॅलरीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. तिने सहज अंगठा पुढे केला आणि उघडा गोळा फिरवला.

"अहो, पडद्यावर बघा. चालतोय."

खरोखरच बाण चालत होता. ही कल्पना तिची होती. टूलरूममधला मी, आणि माझ्या डोक्यात ती आली नव्हती. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हलत असेल तर तो पकडीत आवळायचा आणि हत्यार फिरवायचं, हा आमचा पहिला धडा. मी मात्र महिनाभर तिच्या हातालाच जॉब समजून बसलो होतो.

त्यानंतर दोन दिवसांत मी सागाच्या ठोकळ्यात खाच कोरून तो माउस उताणा बसवला. गोळा आत बसू नये म्हणून खाली फेल्टची चकती घातली. उताण्या माउसचा बाण वर-खाली उलटा पळतो. त्या बाजूच्या चाकाच्या दोन तारा अदलाबदल करून तो सुलटा केला. बटणाच्या तारा बाहेर काढून एका जुन्या यंत्राच्या मोठ्या हिरव्या बटणाला जोडल्या. आता ठोकळा टेबलाला घट्ट आवळलेला होता. उजव्या अंगठ्याने ती गोळा फिरवायची आणि डाव्या तळहाताच्या टाचेने बटण दाबून धरायची. नेम एका हाताचा, सोडणं दुसऱ्या हाताचं, म्हणून सोडताना बाण जागचा हलत नसे. पहिल्याच सकाळी तिने कोपऱ्यातली काळी सोंगटी अशी काही कापली की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेमिंगसाठी चांगला माउस कोणता, असं आज कोणी विचारलं तर मी सांगेन : जो हाताकडे बोट दाखवत नाही तो.

संक्रांतीपर्यंत ती अविनाशला सलग हरवू लागली. "हात गेलेला असताना खेळ सुधारतो कसा?" हा दिनकररावांचा मोठा मुद्दा. सुधारला, कारण माउस सुधारला. त्यांना बंदूक आणि नेमबाज यांतला फरक कळतो, पण बैठकीचं महत्त्व कळत नाही.

त्यांनी पाहिलं ते असं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन ते दोन दिवस आमच्याकडे होते. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना माझी पाठ दिसली, कुमुदच्या खुर्चीला चिकटलेलं माझं स्टूल दिसलं, आणि माझा हलणारा हात दिसला. ते सगळं खरं आहे. माझा एक तळहात तिच्या कोपराखाली होता, कारण कोपर आपोआप खाली जायचं. दुसऱ्या हाताने मी अक्षरं टाइप करत होतो. खेळता खेळता अविनाशशी लिहून बोलता यायचं, आणि ते तिच्या बोटांना शक्य नव्हतं. शब्द तिचे, टायपिंग माझं, एवढी लबाडी मी कबूल करतो.

"लिहा, जेवलास का."

"कालही हेच लिहिलं."

"काल जेवला म्हणून आज जेवू नये का त्यानं?"

एकदा मी आपल्या मनाने लिहिलं, 'घाई करू नकोस, कोन बघ.' तिने पडद्यावर वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती कारखान्यात वेढे चुकवणाऱ्या नवख्या मुलींकडे पाहत असेल. "माझ्या नावावर तुमचं शहाणपण नको." त्यानंतर मी एकही अक्षर माझं घातलं नाही.

फेब्रुवारीत थंडी ओसरली, द्राक्षं गोड झाली. तिला आता घास गिळताना वेळ लागायचा, म्हणून मी द्राक्षाची साल काढून बी नसलेली फोड तिच्या तोंडात ठेवत असे. शब्द जड झाले होते. आणि त्या शेवटच्या आठवड्यात अविनाश जिंकू लागला. एका डावात राणी तिने घेतलेली होती, कव्हर झालेलं होतं, शेवटची पांढरी सोंगटी भोकाच्या तोंडाशी उभी होती. फुंकर घातली तरी गेली असती. तिने गोळा हळूच फिरवला, रेघ सोंगटीवर आली, तशीच पुढे सरकली, आणि तिने बटण सोडलं. स्ट्रायकर मोकळ्या जागेतून निघून गेला.

"अगं, समोर होती!"

"दिसली."

"मग?"

तिने श्वास गोळा केला. "आता खेळ थांबणार. तो हरलेला असताना थांबला, तर त्याच्या मनात राहील."

पाच सकाळी तिने हे केलं. सहाव्या सकाळी माझ्याकडून लिहवलं, 'डोळ्यांना त्रास होतो आहे, थोडे दिवस बंद.' मग ठोकळ्याकडे मान वळवली. "हे काढून टाका. तो येईल तेव्हा टेबलावर नको. मी किती दिवस लपवलं ते त्याला कळेल. तुम्हीही सांगायचं नाही, माझी शपथ आहे." मी त्याच दुपारी क्लँप सोडवले. म्हणून आज माझ्याजवळ दाखवायला पुरावा नाही.

कागद सुटले आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो आला, तेव्हा तिचं बोलणं गेलेलं होतं. आठ दिवस तो तिचा हात हातात घेऊन बसला. त्याला विचारायचं होतं, तिला सांगायचं होतं, आणि मधे मी होतो, ज्याला गप्प राहण्याची शपथ होती. चैत्र संपायच्या आत ती गेली.

काल त्याचा पुन्हा फोन आला. मी फोन आपटल्यानंतरचा हा पहिलाच. सुरुवातीला त्याने हवापाणी विचारलं. मग म्हणाला, "नाना, भांडायला नाही केला फोन. मला ते शेवटचे डाव आठवतायत. पाचही मी जिंकलो. ती भोकापाशीची सोंगटी आईला दिसली नसेल, हे शक्यच नाही. मामाचं ऐकल्यापासून मला वाटतंय, ते तुम्ही होता. तुम्ही मला जिंकू दिलंत." आणि लगेच पुढे, "मला बरं वाटलं, नाना. तुमच्याकडून तसं कधी मिळालं नव्हतं म्हणून."

एकोणतीस वर्षांत माझा मुलगा माझ्याशी या आवाजात बोललेला नाही. एक "हो" म्हटलं असतं तर तो आवाज उरलेल्या दिवसांसाठी माझा झाला असता. दिनकररावही खूश झाले असते. मी रिसीव्हर धरून उभा राहिलो, आणि त्याला वाटलं, लाइन गेली. त्याने दोनदा "नाना?" अशी हाक मारली आणि फोन ठेवला.

तेव्हा अविनाश, उत्तर इथे वाच. त्या पाच सकाळी मिळालेली माया तुझ्या आईची आहे, आणि ती मी माझ्या नावावर घेणार नाही. तुझ्या लहानपणी रविवारी त्या बोर्डावर तुझ्यासमोर मी बसत असे. तू ओठ दाबून खेळायचास, हरायचास, गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहायचास. तुझी आई स्वयंपाकघरातून मला म्हणायची, "एकदा तरी हरा हो त्याच्याशी." मी म्हणायचो, फुकटचा विजय त्याच्या काय कामाचा? शाळेच्या सुट्ट्या गेल्या, तू कॉलेजात गेलास, बोर्डाचे कोपरे झिजले. मी तुला आयुष्यात एकदाही जिंकू दिलेलं नाही.